विडीचे धूम्रपान

विडीचे धूम्रपान म्हणजे टेंभुर्णीच्या वाळलेल्या पानात तंबाखूचा चुरा गुंडाळून वळलेली विडी पेटवून तिचा धूर ओढणे होय. भारतात धुराच्या रूपाने घेतल्या जाणाऱ्या तंबाखूचा हा सर्वाधिक प्रचलित प्रकार आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील दुसऱ्या फेरीनुसार भारतातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येपैकी १०.७ टक्के लोक धूम्रपान करीत होते. त्यांत विडी ओढणाऱ्यांचे प्रमाण ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणाऱ्यांचे ४ टक्के होते. काही जण दोन्ही ओढतात. संख्येच्या भाषेत विडी ओढणारे सुमारे ७ कोटी भरतात.

विडी स्वस्त आहे, आकाराने लहान आहे आणि झाडाच्या पानात गुंडाळलेली आहे. या तीन कारणांमुळे ती सिगारेटपेक्षा सौम्य व कमी घातक असल्याची समजूत ग्रामीण भागात आणि कष्टकरी वर्गात दृढ आहे. वैद्यकीय अभ्यासांतून या समजुतीला आधार मिळत नाही. विडीच्या धुराने फुप्फुसे, हृदय, रक्तवाहिन्या, तोंड व घसा यांचे गंभीर रोग होतात आणि आयुष्य कमी होते. मात्र विडी कोणत्याही वयात सोडली तरी शरीराला त्याचा लाभ मिळतो, हेही तितकेच सिद्ध झाले आहे.

विडीची रचना

विडीचे वेष्टन टेंभुर्णी किंवा तेंदू या झाडाच्या पानाचे असते. या झाडाचे शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन असे आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांच्या जंगलांतून उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा केला जातो. काही भागांत पूर्वी आपट्याची पानेही विड्यांसाठी वापरली जात. पाने भिजवून, कातरून, त्यांत तंबाखू भरून विडी वळतात व तिला दोरा बांधतात. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, गोंदिया इत्यादी ठिकाणी हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालत आला असून विड्या वळणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे.

एका विडीत साधारणतः ०.२ ग्रॅम तंबाखू असते. सिगारेटमध्ये ती याच्या तिप्पट-चौपट असते. विडीचा धूर सौम्य असल्याचा समज या फरकातूनच निर्माण झाला. प्रत्यक्षात वजनाच्या मानाने विडीच्या तंबाखूत निकोटिनचे प्रमाण सिगारेटच्या तंबाखूपेक्षा अधिक असते. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत जात नाही, त्यामुळे विडी नीट जळत नाही आणि झुरका घेतला नाही तर विझते. ती पेटती ठेवण्यासाठी ओढणाऱ्याला वारंवार व जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि धूर फुप्फुसांत खोलवर जातो. अपुऱ्या ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड वायूही जास्त तयार होतो. विडीला गाळणी नसते. परिणामी तंबाखू कमी असूनही एका विडीतून शरीरात जाणारे निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या बरोबरीचे किंवा तिच्याहून अधिक असते.

धुरातील घटक

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक पदार्थ आढळले आहेत. त्यांपैकी सुमारे ७० पदार्थ कर्करोगकारक असल्याचे ज्ञात आहे. शरीरावरील परिणामांच्या दृष्टीने पुढील तीन घटक महत्त्वाचे आहेत.

निकोटिन हे तंबाखूच्या पानातील नैसर्गिक द्रव्य आहे. ते व्यसन लावते, नाडीचे ठोके वाढवते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. धूम्रपानाने होणारे बहुतेक कर्करोग मात्र निकोटिनमुळे नव्हे, तर त्यासोबत येणाऱ्या धुरातील अन्य द्रव्यांमुळे होतात. निकोटिनयुक्त औषधांनी विडी सोडवता येते, ती याच भेदामुळे.

डांबर हा धुरातील सूक्ष्म कणांचा चिकट थर होय. बहुतेक कर्करोगकारक द्रव्ये त्यात असतात. विडी ओढणाऱ्याच्या बोटांवर व दातांवर दिसणारा तपकिरी डाग बाहेरचा असतो. तसाच थर श्वासनलिकांच्या आतही बसत असतो.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूच्या तुलनेत २०० हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि हृदयाला अधिक काम करावे लागते.

व्यसन कसे जडते

धुरातून ओढलेले निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते विशिष्ट ग्राहकांना चिकटते आणि डोपामिन हे द्रव्य स्रवते. डोपामिनमुळे क्षणभर बरे वाटते, एकाग्रता वाढल्यासारखी वाटते. निकोटिनचा पुरवठा सतत होऊ लागला की मेंदूतील या ग्राहकांची संख्या वाढते. रक्तातील निकोटिन सुमारे २ तासांत निम्म्यावर येते आणि वाढलेले ग्राहक रिकामे राहू लागतात. त्यातून अस्वस्थता, चिडचिड व तलफ उत्पन्न होते. पुढची विडी ओढल्यावर ती शमते. विडीने ताण हलका होतो असे ओढणाऱ्याला वाटते, पण त्या ताणाचा बराचसा भाग आधीच्या विडीचा परिणाम ओसरल्यामुळेच निर्माण झालेला असतो.

या शारीरिक गरजेला सवयीची जोड मिळते. सकाळचा चहा, जेवणानंतरची वेळ, कामातील विसावा, एकाच काडीवर विडी पेटवून घेणारे सोबती, शौचाला जाण्याची वेळ अशा प्रसंगांशी विडीचे नाते जुळते. शारीरिक तलफ काही आठवड्यांत ओसरली तरी हे प्रसंग पुढे अनेक महिने विडीची आठवण करून देतात. म्हणून विडी न सुटणे हा केवळ इच्छाशक्तीचा अभाव मानणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात तंबाखूच्या अवलंबित्वाची नोंद विकार म्हणून आहे.

शरीरावरील परिणाम

श्वसनसंस्था

श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ, जंतू व कफ वर घशाकडे ढकलतात. धुरामुळे हे तंतू प्रथम मंदावतात व पुढे नष्ट होतात. त्याच वेळी कफ निर्माण करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात. कफ वाढतो आणि तो वर ढकलणारी यंत्रणा नसते, म्हणून खोकला येतो. सकाळी उठल्याबरोबर येणारी 'विडीची ढास' ही स्वाभाविक गोष्ट नसून दीर्घकालीन श्वासनलिकादाहाचे लक्षण असू शकते.

धुरामुळे फुप्फुसांतील वायुकोशांच्या पातळ भिंतीही हळूहळू फुटतात. याला वातस्फीती म्हणतात. लहान लहान वायुकोशांच्या जागी मोठ्या पोकळ्या तयार होतात व प्राणवायू रक्तात जाण्याचे क्षेत्रफळ घटते. दीर्घकालीन श्वासनलिकादाह व वातस्फीती यांना मिळून दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसरोग म्हटले जाते. 'सीओपीडी' हे त्याचे रूढ नाव आहे. हा रोग सावकाश वाढतो. प्रारंभी चढ चढताना दम लागतो, नंतर सपाटीवर चालताना आणि अखेरीस अंघोळ करताना किंवा बोलतानाही लागतो. पुष्कळदा रुग्ण हा वयाचा परिणाम समजतो आणि उपचारांना उशीर होतो.

हृदय व रक्तवाहिन्या

धुरातील द्रव्यांमुळे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा होते, तेथे मेदाचे थर साचतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. हृदयाच्या धमनीत अशी गुठळी झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूच्या धमनीत झाल्यास पक्षाघात होतो. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या व्यक्तीने विडी ओढल्यास हा धोका अनेक पटींनी वाढतो.

विडी ओढणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांत आढळणारा आणखी एक रोग म्हणजे बर्जर रोग. यात हातापायांच्या लहान व मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांना दाह होऊन त्या बंद पडतात. चालताना पोटरीत किंवा तळपायात कळा येतात, बोटे थंड व काळी पडतात, जखमा भरत नाहीत आणि कोथ झाल्यास बोट किंवा पाय कापावा लागतो. धूम्रपान पूर्णपणे थांबवणे हाच या रोगाचा मुख्य उपचार आहे. रोज एखादी विडी चालू राहिली तरी रोग पुढे सरकतो.

कर्करोग

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूच्या धुराचे वर्गीकरण मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात केले आहे. विडीच्या धुराचा संबंध तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगाशी आढळला आहे. मूत्राशय, मूत्रपिंड, स्वादुपिंड, जठर व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा धोकाही धूम्रपानाने वाढतो. अनेक अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात विडी ओढणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट असल्याचे दिसून आले.

तोंडात तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडण्यास त्रास, आवाजात टिकून राहिलेला घोगरेपणा, गिळताना अडथळा, थुंकीतून रक्त पडणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास डॉक्टरांकडून विनाविलंब तपासणी करून घेणे आवश्यक असते.

क्षयरोग

भारतात धूम्रपानाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये क्षयरोगाचा वाटा मोठा आहे. अनेक पाश्चात्त्य देशांत असे चित्र दिसत नाही. क्षयाचे जंतू शरीरात असलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही. फुप्फुसांची प्रतिकारयंत्रणा बहुतेकांत ते जंतू दाबून ठेवते. धुरामुळे ही यंत्रणा दुबळी होते व सुप्त जंतू उसळी घेतात. तमिळनाडूतील पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते आणि पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी जवळपास निम्मे धूम्रपानाशी निगडित होते. क्षयाचे उपचार चालू असताना विडी ओढत राहिल्यास उपचार अपयशी होण्याची व रोग उलटण्याची शक्यता वाढते.

इतर परिणाम

धूम्रपानाने हिरड्या सैल होऊन दात लवकर पडतात, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर होतो आणि शस्त्रक्रियेनंतर जखमा भरण्यास वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका ३० ते ४० टक्क्यांनी वाढतो. पुरुषांत लैंगिक दुर्बलता व शुक्राणूंची घट, तर स्त्रियांत वंध्यत्व व लवकर रजोनिवृत्ती हे परिणाम दिसतात. गर्भवती स्त्रीच्या धूम्रपानामुळे गर्भपात, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वजनाचे मूल यांचा धोका वाढतो.

निष्क्रिय धूम्रपान

स्वतः विडी न ओढणाऱ्या व्यक्तीच्या श्वासातून दुसऱ्याच्या विडीचा धूर आत जाणे यास निष्क्रिय धूम्रपान म्हणतात. २०१६-१७ च्या उपरोक्त सर्वेक्षणात भारतातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच अशा धुराला सामोरे जावे लागत असल्याचे आढळले. लहान मुलांत यामुळे दमा, न्यूमोनिया, कानाचे विकार व अर्भकाचा आकस्मिक मृत्यू यांचा धोका वाढतो. प्रौढांत हृदयविकार व फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. खिडकी उघडून किंवा पंखा लावून हा धोका टळत नाही. एका खोलीच्या घरात दाराशी बसून ओढलेल्या विडीचा धूरही घरात येतो.

आयुर्मानावरील परिणाम

भारतातील सुमारे ११ लाख घरांत केलेल्या पाहणीवर आधारित एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २००१ ते २००३ या काळातील मृत्यूंचा विचार केला होता. ३० ते ६९ या वयोगटात पुरुषांच्या दर ५ मृत्यूंपैकी १ आणि स्त्रियांच्या दर २० मृत्यूंपैकी १ धूम्रपानामुळे होत असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी ६ वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे ८ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे १० वर्षांनी घटल्याचे दिसले. दिवसाला १ ते ७ इतक्या थोड्या विड्या ओढणाऱ्यांतही मृत्यूचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने वाढलेला होता.

मुंबईत १९९० च्या दशकात नोंदणी केलेल्या सुमारे दीड लाख रहिवाशांच्या पाठपुराव्यात मात्र विडी ओढणाऱ्यांमधील मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांहूनही अधिक आढळला. विडी व सिगारेट यांत अधिक घातक कोण, याविषयी दोन्ही अभ्यासांचे आकडे भिन्न आहेत. विडी निर्धोक नाही, याबाबत मात्र त्यांत एकवाक्यता आहे.

प्रचलित समजुती

'विड्या कमी केल्या तरी पुरे' अशी समजूत आढळते. संख्या कमी केल्याने कर्करोगाचा धोका काही अंशी घटतो, परंतु हृदयविकाराचा धोका त्या प्रमाणात घटत नाही. अनेक अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो वाढीव धोका असतो, तो २० सिगारेट ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. शिवाय विड्यांची संख्या घटवणारा माणूस अधिक खोल झुरके घेऊन निकोटिनची उणीव नकळत भरून काढतो.

'विडीशिवाय पोट साफ होत नाही' ही समजूतही व्यापक आहे. निकोटिन आतड्यांच्या हालचालीला चालना देते, त्यामुळे विडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतो. ही अडचण तात्पुरती असते. पुरेसे पाणी, पालेभाज्या, फळे, भाकरीसारखे चोथायुक्त अन्न व चालण्याचा व्यायाम यांनी ती दूर होते.

विडी सोडून तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा किंवा खर्रा यांकडे वळणे म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. महाराष्ट्रात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. उपरोक्त सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. धूरविरहित तंबाखूनेही तोंडाचा व अन्ननलिकेचा कर्करोग होतो आणि निकोटिनचे व्यसन कायम राहते.

'इतकी वर्षे ओढली, आता सोडून काय उपयोग' ही समजूत सर्वांत हानिकारक म्हणावी लागेल. ती कशी चुकीची आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होते.

धूम्रपानत्यागाचे लाभ

अखेरची विडी ओढल्यानंतर शरीरात होणारे बदल साधारणतः पुढील क्रमाने दिसतात.

- २० मिनिटांत नाडीचे ठोके व रक्तदाब उतरू लागतात.
- १२ ते २४ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण सर्वसाधारण पातळीवर येते.
- २ ते १२ आठवड्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांचे कार्य सुधारते. चव व गंध अधिक स्पष्ट जाणवू लागतात.
- १ ते ९ महिन्यांत श्वासनलिकांतील तंतू पूर्ववत काम करू लागतात. खोकला व धाप कमी होते.
- १ वर्षानंतर हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्मा होतो.
- ५ ते १५ वर्षांत पक्षाघाताचा धोका धूम्रपान न करणाऱ्याइतका होतो.
- १० वर्षांनंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या सुमारे निम्मा होतो.
- १५ वर्षांनंतर हृदयविकाराचा धोका धूम्रपान न करणाऱ्याच्या जवळपास येतो.

ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ मध्ये सुरू झालेला व ५० वर्षे चाललेला पाठपुरावा या विषयात प्रसिद्ध आहे. त्याचे २००४ मध्ये प्रकाशित झालेले निष्कर्ष असे : वयाच्या ३० व्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे सुमारे १० वर्षांचे, ४० व्या वर्षी सोडणाऱ्यांचे ९, ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांचे ६ आणि ६० व्या वर्षी सोडणाऱ्यांचे ३ वर्षांचे आयुष्य वाचले.

वातस्फीतीत फुटलेले वायुकोश पुन्हा तयार होत नाहीत, ही मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते. फुप्फुसांची क्षमता प्रत्येकाचीच वयानुसार थोडी थोडी घटते. धूम्रपान करणाऱ्या अनेकांत ती वेगाने घटते. विडी सोडल्यावर गमावलेली क्षमता फारशी परत येत नाही, परंतु घटीचा वेग पुन्हा सर्वसामान्य माणसाइतका होतो. चढावर दम लागू लागताच विडी सोडणारा माणूस पुढील अनेक वर्षे स्वतःची कामे स्वतः करू शकतो. न सोडणाऱ्याला त्याच वयात घराबाहेर पडणेही कठीण होऊ शकते.

त्यागानंतरची लक्षणे

विडी बंद केल्यावर काही तासांतच तलफ, चिडचिड, बेचैनी, उदासी, झोपमोड, एकाग्रतेचा अभाव व वाढलेली भूक ही लक्षणे सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक तीव्र असतात व २ ते ४ आठवड्यांत ओसरतात. काही जणांत पहिले काही दिवस खोकला व कफ वाढतो. श्वासनलिका स्वच्छ होऊ लागल्याचे ते लक्षण असते, विडी सोडल्याने काही बिघडल्याचे नव्हे. पहिल्या वर्षात वजन सरासरी ४ ते ५ किलोने वाढू शकते. त्यापासून होणारा अपाय धूम्रपानाच्या तुलनेत फार कमी असतो.

एकेका तलफेची लाट सहसा काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ टाळणे, खोल श्वास घेणे, घोट घोट पाणी पिणे, दुसऱ्या कामात गुंतणे हे उपाय त्या वेळी उपयोगी पडतात. तोंडात टाकायला लवंग, बडीशेप, आवळासुपारी किंवा भाजलेले चणे जवळ ठेवता येतात.

त्यागाचे मार्ग

तयारी

विडी सोडण्यासाठी पुढील एक-दोन आठवड्यांतील एक दिवस निश्चित करणे व तो घरच्यांना, सोबत्यांना आधी सांगून ठेवणे लाभदायक ठरते. विडी केव्हा व कोणासोबत ओढली जाते याची काही दिवस नोंद ठेवल्यास धोक्याचे प्रसंग लक्षात येतात व त्यांना पर्याय शोधता येतो. उदाहरणार्थ, जेवणानंतर लगेच उठून फेरी मारणे किंवा चहाची जागा बदलणे. ठरलेल्या दिवशी घरातील विड्या, थोटके व काडीपेट्या दृष्टीआड करणे आवश्यक असते. ज्या घरात विड्या वळण्याचे काम चालते, तेथे हा भाग अर्थातच अवघड होतो. अशा ठिकाणी औषधोपचार व समुपदेशन यांवर अधिक भर द्यावा लागतो.

समुपदेशन

डॉक्टरांनी दिलेला दोन-तीन मिनिटांचा स्पष्ट सल्लाही विडी सोडणाऱ्यांची संख्या वाढवतो. भारत सरकारची राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ असा असून १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत अनेक जिल्ह्यांत तंबाखूमुक्ती केंद्रे चालवली जातात. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू व तंबाखू नियंत्रणाचा उपक्रम राबवला जात आहे.

औषधोपचार

निकोटिनयुक्त च्युइंगम व त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या यांतून धुराविना थोडे निकोटिन मिळते. तलफ सौम्य होते व मात्रा क्रमाने कमी करता येते. च्युइंगम नेहमीप्रमाणे भराभर चघळायचे नसते. चुणचुण जाणवेपर्यंत सावकाश चावून ते गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावे लागते आणि चुणचुण कमी झाल्यावर पुन्हा चावावे लागते. ते वापरण्यापूर्वी १५ मिनिटे व वापरताना चहा, कॉफी वा आंबट पेये घेतल्यास निकोटिन नीट शोषले जात नाही. पट्टी व च्युइंगम यांचा एकत्रित वापर एकट्या साधनापेक्षा अधिक परिणामकारक असतो.

व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन ही निकोटिनविरहित औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. अपस्माराच्या रुग्णांना बुप्रोपिऑन देत नाहीत. गर्भवती स्त्रिया व नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण यांनी कोणतेही औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक आहे. औषध व समुपदेशन यांची जोड दिल्यास यशाचे प्रमाण सर्वाधिक राहते.

पुन्हा सुरू होणे

विडी सोडलेल्यांपैकी पुष्कळ जण काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ओढू लागतात. लग्नसमारंभ, भांडण, कामाचा ताण, दारूचे सेवन किंवा जुन्या सोबत्याने पुढे केलेली विडी ही त्याची नेहमीची निमित्ते होत. कायमची विडी सुटण्यापूर्वी बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. त्यामुळे एखादा झुरका घेतला गेला तर सारे फुकट गेले असे न मानता त्याच दिवशी पुन्हा थांबणे आणि कोणत्या प्रसंगी चूक झाली हे ध्यानात ठेवणे उपयोगी ठरते. घरच्यांनी टोमणे मारणे किंवा शपथा घालणे यांपेक्षा बंद राहिलेल्या दिवसांची दखल घेणे अधिक साहाय्यकारी असते. विडीवर होणारा खर्च रोज बाजूला काढून ठेवणे हाही एक परिणामकारक मार्ग आहे. रोजच्या एका बंडलाचे पैसे किरकोळ वाटतात, पण वर्षाअखेरीस त्यांची रक्कम मजुराच्या कुटुंबाच्या दृष्टीने मोठी असते.

कायदेशीर तरतुदी

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारा आदेश दिला. त्यानंतर २००३ मध्ये सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा संमत झाला. गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा त्याआधीच, १९९७ मध्ये केला होता. केंद्रीय कायद्याच्या सुधारित नियमांची अंमलबजावणी २ ऑक्टोबर २००८ पासून होऊ लागली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १८ वर्षांखालील व्यक्तींना तसेच शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास बंदी आहे.

१ एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापणे सक्तीचे झाले. तथापि विडी सुटी विकली जाते तेव्हा हा इशारा ओढणाऱ्याच्या हाती पडत नाही आणि एका-दोन विड्यांचे पैसे जवळ असलेल्या अल्पवयीन मुलालाही ती सहज मिळते. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट व विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

विडीवरील कराचा भार सिगारेटच्या तुलनेत कमी राहिला आहे. लक्षावधी विडी कामगारांची उपजीविका, हे त्यामागे दिले जाणारे एक प्रमुख कारण आहे. कर वाढवून किंमत वाढवणे हा तंबाखूचा वापर कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. विडी ओढणाऱ्यांचे आरोग्य व ती वळणाऱ्यांची रोजीरोटी या दोन्ही गोष्टी बहुतांशी एकाच श्रमिक वर्गाशी निगडित आहेत. म्हणूनच करवाढीबरोबर विडी कामगारांना पर्यायी रोजगार मिळवून देण्याची मागणी आरोग्य क्षेत्रातून केली जाते.